भ्रमणध्वनी आणि मेंदूतील गाठ : भीतीचा आणि पुराव्याचा हिशेब

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी या व्यासपीठावर एखादा नामांकित डॉक्टर असावा अशी आपली अपेक्षा असणार आणि ती योग्यच आहे. मी बी. कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. चाळीस वर्षे गादीवर बसून मीटरपट्टी आणि खतावणी यांच्याशीच माझा संबंध आला. तरीही हे काम माझ्याकडे आले, त्याला कारण घडले आपल्या भवनाच्या गच्चीचे.

आपणांस स्मरत असेल, गेल्या वर्षी एका दूरसंचार कंपनीने या भवनाच्या गच्चीवर अँटेना उभारण्यासाठी जागा भाड्याने मागितली. येणारे भाडे वैद्यकीय साहाय्य निधीत जमा करावे, अशी सूचना होती. या निधीतून औषधोपचारासाठी मदत मागणारे अर्ज दरवर्षी वाढत आहेत, हे विश्वस्तांना चांगलेच ठाऊक आहे. परंतु सभेत दोन तट पडले. काही सभासदांनी वृत्तपत्रांतील कात्रणांची एक जाडजूड फाईल अध्यक्षांपुढे ठेवली. एका भगिनींनी उभे राहून विचारले, "वरच्या मजल्यावर वसतिगृह आहे. आमची मुलं तिथं झोपतात. त्यांना उद्या काही झालं, तर मग याच निधीतून आम्हाला पैसे देणार का?" या प्रश्नावर सभा स्तब्ध झाली. ठराव पुढे ढकलण्यात आला, आणि हिशेब तपासण्याची सवय आहे म्हणून माहिती जमविण्याचे काम अध्यक्षांनी माझ्यावर सोपविले. आठ महिने मी जे वाचले, विचारले आणि टिपून ठेवले, ते आज आपल्यापुढे मांडत आहे. आपल्याच समाजातील दोन डॉक्टरांनी हा मजकूर वाचून दिला आहे.

प्रथम 'रेडिएशन' या शब्दाविषयी. हा शब्द कानी पडताच आपल्या मनात अणुबाँब आणि एक्स-रे उभे राहतात. वास्तविक ऊन, दिव्याचा प्रकाश, शेगडीची ऊब, एक्स-रे आणि रेडिओलहरी या सर्व एकाच कुळातल्या. फरक आहे तो प्रत्येकीच्या ठायी असलेल्या शक्तीचा. आमच्या धंद्यातील एक अनुभव सांगतो. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हाच्या बाजूला टांगलेली साडी दोन-तीन महिन्यांत विटते. घडी उलगडली की आतला रंग वेगळा आणि बाहेरचा वेगळा दिसतो. उन्हातील प्रकाश, आणि त्यातही अतिनील किरण, रंगाच्या रेणूंचे बंध तोडतात, म्हणून हे घडते. त्याच दुकानात वडिलांच्या काळापासून रेडिओ वाजत आला. आकाशवाणीच्या लहरी कपाटांतील सर्व ताग्यांतून दिवसरात्र आरपार जात होत्या, परंतु त्यांनी एकाही ताग्याचा रंग उडविला नाही. भ्रमणध्वनीच्या लहरी या रेडिओच्याच जातीच्या आहेत. पेशीतील जनुकद्रव्य थेट तोडण्याइतकी शक्ती त्यांच्यात नाही. त्यांचा निश्चित ठाऊक असलेला परिणाम एकच, तो म्हणजे किंचित ऊब. थेट तोडीत नाहीत म्हणून अन्य मार्गाने काहीच करीत नाहीत, असे मात्र केवळ तर्काने म्हणता येणार नाही. ते माणसांच्या पाहणीतूनच ठरवावे लागते, आणि तशा पाहण्या गेली तीसएक वर्षे जगभर चालू आहेत.

आपल्या देशातील भ्रमणध्वनीवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले; पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. ते २००३ मध्ये बंद झाले, आणि त्यानंतर बाजारातील हमालापासून पेढीच्या मालकापर्यंत सर्वांच्या कानाला हे यंत्र लागले. कानाशी धरलेल्या यंत्राची किती शक्ती शरीरात मुरते याचे माप ठरलेले आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात ते एक किलो ऊतीमागे १.६ वॅटपेक्षा अधिक असता कामा नये, असा दंडक झाला. आपल्या यंत्रावर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश अशी बटणे दाबल्यास त्या यंत्राचे माप पडद्यावर येते. घरी गेल्यावर करून पाहावे.

आता फाईलमधील सर्वांत मोठ्या कात्रणाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधील ल्यों शहरात आहे. मे २०११ मध्ये तेथे १४ देशांतील ३१ शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी भ्रमणध्वनीच्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' म्हणजे '२ ब' या गटात घातले. बातमी खरी आहे. परंतु या गटांचा अर्थ समजून घेताना भल्याभल्यांची गफलत होते. हे गट धोका किती मोठा हे सांगत नाहीत. पुरावा किती भक्कम आहे एवढेच सांगतात. पहिल्या गटात तंबाखू आहे, कडक ऊन आहे. त्यांच्याविषयी शंकेला जागा उरलेली नाही. '२ अ' म्हणजे 'बहुधा'. या गटात २०१६ पासून ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये आहेत, हे वाचून मी चकित झालो. आपल्या बाजारात उकळता चहा बशीत न ओतता तसाच घशाखाली उतरविणारे काही मित्र आहेत. त्यांनी भ्रमणध्वनीविरुद्धच्या अर्जावर सर्वांत आधी सह्या केल्या होत्या. त्याखालचा गट '२ ब'. पुरावा तोकडा आहे, पण दुर्लक्ष करावे इतकाही तोकडा नाही, असे त्याचे मराठी करता येईल.

तो तोकडा पुरावा कोणता, हे पाहण्यात माझे दोन महिने गेले. तेरा देशांत मिळून 'इंटरफोन' नावाची पाहणी झाली आणि २०१० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूतील ग्लायोमा नावाच्या गाठीचे सुमारे २,७०० रुग्ण आणि त्यांच्या तुलनेसाठी निरोगी माणसे, यांना त्यांनी मागील कित्येक वर्षांतील फोनच्या वापराविषयी प्रश्न विचारले. निष्कर्ष दोन निघाले आणि ते परस्परांच्या उलट दिशेचे होते. एकूण पाहता फोन वापरणाऱ्यांत ग्लायोमाचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी भरले. मात्र सर्वांत अधिक बोलणाऱ्या दहा टक्के लोकांत, म्हणजे एकूण १,६४० तास वा त्याहून अधिक बोललेल्यांत, ते ४० टक्क्यांनी जास्त दिसले. १,६४० तास हा आकडा दहा वर्षांवर वाटला तर दिवसाला सत्तावीस मिनिटे येतात. आमच्या दुकानातील गुमास्ता एवढे तर सकाळच्या चहाआधी बोलतो.

म्हणून हा आकडा मी हलक्या हाताने बाजूला सारला नाही. पण ज्याने खतावणी लिहिली आहे, त्याच्या मनात येथे एक शंका उभी राहिलीच पाहिजे. वहीतील एक पान सांगते की फोनने गाठ कमी होते, आणि पुढचे पान सांगते की वाढते. तेव्हा मुळात रोजकीर्दीतील नोंदी कशा घेतल्या, हे तपासावे लागते. येथे नोंदी स्मरणातून घेतलेल्या होत्या. एखाद्या गिऱ्हाइकाला दहा वर्षांपूर्वी किती मीटर कापड नेले ते विचारा, आणि मग वही उघडा! त्यातून ज्याच्या डोक्यात गाठ निघाली आहे तो माणूस, आपल्याच वाट्याला हे का आले याचा शोध घेत असतो. त्याच्या स्मरणाचा तोल ढळणे स्वाभाविक आहे. काही रुग्णांनी तर आपण दिवसाला बारा तासांहून अधिक बोलत होतो असे सांगितले. पाहणी करणाऱ्यांनीही या त्रुटींमुळे निश्चित कार्यकारणभाव लावता येत नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. कात्रणात ते वाक्य नाही.

स्मरणावर विसंबायचे नाही, तर मग दुसरा मार्ग कोणता? डेन्मार्कने कंपन्यांच्या ग्राहक-याद्या घेतल्या आणि राष्ट्रीय कर्करोग नोंदवहीशी ताडून पाहिल्या. २०११ च्या त्यांच्या वृत्तांतात साडेतीन लाखांहून अधिक ग्राहक होते. तेरा वर्षे वा त्याहून जुन्या ग्राहकांतही मेंदूच्या गाठी वाढलेल्या आढळल्या नाहीत. यातही उणीव आहेच: जोडणी कोणाच्या नावावर, एवढेच कळते, बोलतो कोण आणि किती, ते कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी युरोपातील पाच देशांनी 'कॉसमॉस' नावाची पाहणी हाती घेतली. तीत २,६४,००० हून अधिक निरोगी माणसांना आधीच प्रश्न विचारले, कंपन्यांकडील प्रत्यक्ष संभाषणाच्या नोंदींशी उत्तरे पडताळली आणि मग त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. २०२४ मध्ये निष्कर्ष आला. सर्वांत अधिक बोलणाऱ्या दहा टक्के लोकांतही ग्लायोमाचे प्रमाण वाढलेले नव्हते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून २२ देशांतील ६३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दहा वर्षांहून अधिक वापर करणाऱ्यांतही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळत नाही, असे त्याने नोंदविले.

त्या भगिनींचा प्रश्न मुलांविषयी होता. मुलांचे डोके लहान, कवटी पातळ आणि पुढचे आयुष्य मोठे, म्हणून त्यांची पाहणी स्वतंत्रपणे करणे आवश्यक होते. 'मोबी-किड्स' नावाने ती चौदा देशांत झाली आणि त्यांत आपला भारतही होता. दहा ते चोवीस वर्षे वयाचे मेंदूत गाठ झालेले सुमारे नऊशे रुग्ण आणि त्यांच्या दुपटीहून अधिक इतर मुले यांची तुलना करण्यात आली. २०२१ च्या अखेरीस आलेल्या या वृत्तांतात फोनमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही.

मला स्वतःला सर्वांत पटलेली गोष्ट याहूनही साधी आहे. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांत कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद अनेक दशके होत आली आहे. तेथे भ्रमणध्वनी आपल्या कितीतरी आधी घराघरांत पोहोचला. फोन एवढे वाढले, तेव्हा त्यामागोमाग गाठीही त्या नोंदींत चढत जायला हव्या होत्या. तशी चढण संशोधकांना तेथे दिसली नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी कंपनीचा दलाल ठरेन. अमेरिकेच्या सरकारी विषशास्त्र विभागाने २०१८ मध्ये एका मोठ्या प्रयोगाचा अंतिम वृत्तांत दिला. उंदरांना, त्यांतील मोठ्या जातीच्यांना तर जन्माआधीपासून, दोन वर्षे, दिवसाला नऊ तास, संपूर्ण शरीरावर या लहरींत ठेवले होते. मोठ्या जातीच्या नर उंदरांत हृदयातील चेतातंतूंच्या गाठी निश्चितपणे वाढल्या. माद्यांमध्ये आणि लहान जातीच्या उंदरांत तसे स्पष्ट दिसले नाही. आणि चमत्कारिक गोष्ट अशी की, लहरींत ठेवलेले नर न ठेवलेल्यांपेक्षा अधिक जगले. याचा उलगडा शास्त्रज्ञांनाही सोपा गेलेला नाही. मुक्या जीवांच्या अशा हालअपेष्टा वाचताना आपणां सर्वांस वाटेल तेच मलाही वाटले. पण निष्कर्ष आहे तो आहे, आणि 'कदाचित' हा शब्द अद्याप खोडला न जाण्यामागे तोही एक कारण आहे.

फाईलमध्ये न्यायालयांचीही कात्रणे होती. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये एका कंपनी अधिकाऱ्याच्या चेहऱ्याच्या चेतेवरील गाठीचा संबंध फोनशी जोडून त्याला कामगार विम्याची भरपाई मान्य केली. हा गृहस्थ बारा वर्षे दिवसाला पाच-सहा तास फोनवर बोलत असे. आपल्याकडे मार्च २०१७ मध्ये ग्वाल्हेर येथील एका कर्करोगग्रस्त रहिवाशाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तेथील मनोरा बंद करण्याचा आदेश दिला. न्यायालयाविषयी पूर्ण आदर राखून एवढेच म्हणतो की, न्यायालयापुढे एका माणसाचे गाऱ्हाणे असते आणि साक्षीपुरावा असतो. लाखो माणसांची तुलना करणे हे त्याचे काम नव्हे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला अहवाल देऊन मनोऱ्यांच्या मर्यादा कडक करण्याचा आग्रह धरला होता. पुढे १ सप्टेंबर २०१२ पासून शासनाने मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. हे चांगलेच झाले.

आता गच्ची. अँटेना आपल्या डोक्यावर बसली म्हणजे तिच्या लहरी सरळ खाली वसतिगृहात उतरतील, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तिचा मुख्य झोत विजेरीच्या झोतासारखा समोर, क्षितिजाकडे किंचित कललेला असतो आणि तो बऱ्याच अंतरावर जाऊन जमिनीला टेकतो. ऐन खाली फार थोडे येते, आणि मधला स्लॅब त्यातलेही अडवितो. त्याउलट कानाशी धरलेला फोन मेंदूपासून दोन बोटांवर असतो. अंतर दुप्पट झाले की जोर चौथाई होतो, या न्यायाने शरीरात मुरणारी शक्ती मुख्यतः स्वतःच्या फोनचीच असते. आणखी एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना नवी असेल. मनोरा जवळ असेल तेव्हा फोन हळू बोलतो; मनोरा लांब असेल, लिफ्टमध्ये किंवा तळघरातील गोदामात रेंज नसेल, तेव्हा तो ओरडतो. अर्थात मनोऱ्याला हाकलून लावणारा माणूस आपल्याच कानाशी अधिक लहरी ओढवून घेतो. आमच्या गोदामात मी फोनवर बोलत नाही; वर येऊन बोलतो, किंवा तारेचे इअरफोन लावतो. यासाठी खर्च येत नाही, आणि पुरावा अपुरा असताना एवढी सावधगिरी पुरेशी वाटते.

या सर्वापेक्षा मला अधिक अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. आपल्याच बाजारातील एक व्यापारी बंधू आहेत, नाव घेत नाही. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले आणि त्या कानात सतत गुणगुण होऊ लागली. ज्याने त्याने निदान केले: मोबाईल. त्यांनी फोन उजव्या कानाला लावायला सुरुवात केली, पुढे फोनच मुलाकडे देऊन टाकला, आणि आता बरे वाटेल म्हणून दीड वर्ष वाट पाहिली. तोल जाऊ लागला तेव्हा एम.आर.आय. झाला. श्रवणचेतेवर गाठ होती. सुदैवाने ती कर्करोगाची नव्हती. परंतु ती वाढली होती, शस्त्रक्रिया अवघड झाली आणि त्या कानाचे ऐकणे कायमचे गेले. फोनमुळे गाठ झाली या समजुतीने त्यांना डॉक्टरांकडे जाण्याऐवजी फोन सोडण्याकडे नेले. एकाच कानाने ऐकू कमी येणे, मोठ्या वयात प्रथमच आकडी येणे, पहाटे उठताच डोके दुखून उलटी होणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा वाटणे, दृष्टी अंधूक होणे, यांपैकी काहीही दिसले तर फोनला दोष देत बसू नये. त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

आणि आणखी एक अप्रिय गोष्ट. वर पहिल्या गटाचा उल्लेख केला. त्या गटात सुपारी आहे. तंबाखू मिसळलेली नव्हे. नुसती, साधी, आपण जेवणानंतर तबकातून उचलतो ती सुपारी. २००३ साली त्याच ल्यों येथील संस्थेने तिला निश्चित कर्करोगकारक ठरविले. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रक्रमावर आहे. सुपारीने गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. असे रुग्ण आपल्याही घरांत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, तरी पुडी कोठे मिळते हे बाजारातील पोरेसोरे सांगतील. आपल्या भगिनींतील मशेरीविषयी मी येथे अधिक बोलत नाही. ज्या सभेत अँटेनाविरुद्धची फाईल फिरत होती, त्याच सभेत सुपारीचे तबकही फिरत होते. फाईल अध्यक्षांपाशी थांबली, तबक रिकामे होऊन परत गेले.

फोनने माणसे मरतात, यातही मला शंका नाही. पण ती रस्त्यावर. मान वाकडी करून खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून दुचाकी चालविणारी आपली मुले रोज दिसतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हा धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा ठरला आहे. पहिल्याच वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड आणि कारावासाचीही तरतूद आहे.

गच्चीचा ठराव पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. माझे मत आजच सांगून ठेवतो, म्हणजे कोणाला संकोच राहणार नाही. मी ठरावाच्या बाजूने मत देणार आहे, तीन अटींवर. अँटेनाचा मुख्य झोत समोरच्या कोणत्याही इमारतीच्या खिडक्यांवर थेट पडणार नाही, हे कंपनीने नकाशासह लेखी द्यावे. गच्चीच्या दाराला कुलूप असावे आणि वसतिगृहातील मुलांनी वर जाऊ नये. तिसरी अट मोजणीची. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये 'तरंग संचार' नावाची व्यवस्था सुरू केली; तीत शुल्क भरून आपल्या जागेतील लहरींची मोजणी करवून घेता येते. आरंभी हे शुल्क चार हजार रुपये होते. अँटेना चालू होण्यापूर्वी एकदा आणि चालू झाल्यावर एकदा, वसतिगृहाच्या खोल्यांतच मोजणी व्हावी, आणि दोन्ही आकडे तळमजल्यावरील सूचनाफलकावर लावावेत. ज्या भगिनींनी प्रश्न विचारला, त्यांनी मोजणीच्या वेळी उपस्थित राहावे, अशी माझी विनंती आहे. दोन्ही मोजण्यांचा खर्च आमच्या पेढीच्या खात्यावर टाकावा.